निळी रेषा पुसली म्हणून पाणी कमी होणार आहे काय?

मे महिना लागला की चिपळुणात नदीत पोकलेन उतरतं. नारळ फुटतो, चार खुर्च्या मांडल्या जातात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'शिवनदी घेणार मोकळा श्वास'. हे हेडिंग आमच्या धंद्यात इतकं पाठ झालंय की बातमीदाराने नुसता फोटो पाठवला तरी डेस्कवरचा माणूस अर्ध्या झोपेत लावून टाकेल.

गाळ काढू नका असं मी म्हणत नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर निम्मी मंडळी इथेच थांबतील आणि मला फोन करतील. वाशिष्ठीतला आणि शिवनदीतला गाळ काढायलाच हवा होता. आणि तो कुणी मेहेरबानी म्हणून काढलेला नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर सरकार हलेना, म्हणून त्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण धरलं. लोक आपली दुकानं, दवाखाने, घरकाम बाजूला ठेवून पाळीपाळीने मंडपात बसले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. पाटबंधारेची मशिनं आली, नाम फाउंडेशन आलं. त्या मंडपात बसलेल्यांबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे.

पण त्याच मंडपातली दुसरी मागणी आठवते का? निळी आणि लाल पूररेषा रद्द करा.

म्हणजे एकीकडे आपण म्हणतो, नदीत गाळ भरलाय, तिला जागा राहिली नाही, जागा करून द्या. आणि दुसरीकडे म्हणतो, पूर आला की नदी जिथे पसरते ती जागा आम्हाला बांधायला मोकळी करून द्या. या दोन मागण्या एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या गेल्या आणि आपल्यापैकी कुणाला त्यात काही खटकलं नाही. मला खटकतं, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी रेषा म्हणजे काय ते साध्या भाषेत. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचतो ती लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळीपासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. ही पद्धत १९८९ सालच्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकापासून राज्यात आहे. चिपळूणकरांना छळायला कुणी खास शोधून काढलेली नाही. सांगलीला आहे, कोल्हापूरला आहे. तिथेही लोक तिला शिव्याच देतात.

आता '२५ वर्षांतून एकदा' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. येऊन गेला २०२१ ला, आता २०४६ पर्यंत बघायला नको! पण पूर काही एसटीच्या वेळापत्रकावर चालत नाही. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दर पावसाळ्यात शंभरात चार अशी शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन निळ्या रेषेच्या आत फ्लॅट घेतलात, तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घराशी एकदा तरी तसं पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. हिशेब अवघड नाही, बारावीच्या मुलाला विचारा. ब्रोशरवर मात्र 'रिव्हर व्ह्यू' असं छापलेलं असतं. बरोबरच आहे म्हणा, व्ह्यू अगदी घरात येतो.

रेषेमुळे लोकांचं नुकसान होत नाही असं नाही. बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं आहेत. इमारत मोडकळीला आलीय, पाडून बांधायची तर परवानग्यांच्या फेऱ्यात वर्षं जातात, बँक नाक मुरडते, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. ज्यांनी घर बांधलं तेव्हा रेषा नव्हती त्यांचा दोष काय? काहीच नाही. त्यांच्यासाठी भांडलंच पाहिजे. खालचा मजला मोकळा सोडून खांबांवर बांधायची परवानगी लवकर द्या, जागा सोडणाऱ्याला टीडीआर द्या, पूरविम्याचा निम्मा हप्ता सरकारने भरा, हे मागा ना. पहिली सही माझी. पण यातलं काहीच मोठ्या आवाजात मागितलं जात नाही. मोठ्या आवाजात मागितलं जातं ते 'रेषा रद्द'. आणि रेषा रद्द झाली की मोडक्या घरातल्या आजीचा फायदा किती आणि नदीकाठचा मळा स्वस्तात घेऊन ठेवलेल्याचा किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. आजीला पुढे करून दुसरंच कुणीतरी मागे उभं आहे, असं मला सारखं वाटत राहतं.

आता पाण्याकडे येऊ.

आपल्या शहराची जागाच अशी आहे की चारही बाजूंनी पाण्याचा दावा आहे. पूर्वेला सह्याद्री इतका जवळ उभा की कुंभार्ली घाटाच्या अंगाला पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो. त्यात कोयनेच्या वीजगृहांमधून कोळकेवाडीमार्गे सोडलेलं पाणी वाशिष्ठीत येतं. पश्चिमेकडून दाभोळ खाडीची भरती गोवळकोटपर्यंत आणि पुढे शहराच्या अंगाला येऊन टेकते. एकेकाळी याच भरतीवर गलबतं गोवळकोटला लागायची आणि माल घाटावर जायचा, म्हणून तर इथे बाजारपेठ झाली. आणि शहराच्या मधून शिवनदी.

वाशिष्ठी फुगली की शिवनदीचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते मागे फिरतं. याला फुगवटा म्हणतात, आणि चिपळुणात अनेक घरांत पहिलं पाणी येतं ते हेच. वाशिष्ठी लांब दिसत असते आणि मागच्या गटारातून पाणी वर येत असतं. २०२१ ला ते झालं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणजे उधाणाचे दिवस. वरून पाऊस, समोरून भरती, मध्ये आपण.

ती रात्र पुन्हा सांगत नाही. कोविडच्या रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि रुग्ण दगावले, हे कुणीही विसरलेलं नाही. एसटी आगारातली रोकड वाचवायला आगाराचे अधिकारी बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. १८६४ पासूनचं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ ला बुडालं होतं, ते २०२१ ला पुन्हा बुडालं. एवढंच पुरे.

आता खोलीकरणाचा मुद्दा. समुद्राची भरती जिथवर येते त्या पट्ट्यात नदी कितीही खोल केलीत तरी भरतीच्या वेळी तो खोल भाग आधीच पाण्याने भरलेला असतो. विहिरीचा तळ आणखी दोन हात खणला म्हणून काठोकाठ भरलेल्या विहिरीत वरून ओतलेलं पाणी मावत नाही. खोलीचा फायदा होतो तो प्रवाहाला. पाणी पुढे जायला वाट मिळते, ओहोटी लागली की लवकर ओसरतं. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पात्रातली गाळाची बेटं काढली त्याचाही आहे. पण ऐन उधाणात, रात्री दोन वाजता, घाटातून लोंढा येतो तेव्हा नदीला खोली पुरत नाही. तिला आडवं पसरायला लागतं. मळे लागतात, खाजणं लागतात, पाणथळ जागा लागतात. म्हणजे बरोब्बर तीच जागा, जिच्यावरची निळी रेषा आपल्याला पुसायची आहे.

आणि रेषा पुसायची वाट तरी कोण बघतंय? भराव चालूच आहेत. दिवसा एक डंपर, रात्री पाच. एक साधा हिशेब मांडतो. एक एकर सखल जमीन सहा फूट भरून वर काढली, तर २ लाख ६१ हजार घनफूट माती लागते. ब्रासमध्ये २,६०० च्या वर. चार ब्रासचा डंपर धरला तर साडेसहाशे फेऱ्या. तेवढ्याच जागेत पुराच्या वेळी ७४ लाख लिटर पाणी उभं राहिलं असतं. दहा हजार लिटरचे ७४० टँकर. ते पाणी आटत नाही आणि त्या मातीत जिरतही नाही. ते शेजारच्या वाडीत जातं. भराव करणाऱ्याचं जोतं कोरडं, आणि ज्याने आयुष्यात एक घमेलंही माती टाकली नाही त्याच्या चुलीत पाणी. मग तोच बिचारा पुढच्या वर्षी कर्ज काढून आपलंही अंगण दोन फूट वर घेतो. अशी वाडीवाडीत शर्यत लागलेली आहे, आणि शर्यतीत हरतो तो भाडेकरू, ज्याला जोतं वाढवायचा अधिकारच नाही.

याच्यावर हमखास येणारा प्रश्न: "काय ओ, शहर वाढायचं नाही काय? विकासाला विरोध करता काय?" वाढू दे की. पण जुनी माणसं पाण्याला ओळखून राहायची. बाजारातल्या जुन्या घरांना माळा असायचा, आषाढात पोती वर चढायची, पाणी आलं तर चार तास बसून राहायचे, ओसरलं की झाडलोट. पूर येणारच हे धरून बांधलेलं होतं. आता आपण तळमजल्यावर सर्व्हर, जनरेटर, औषधं, लाखांचा माल आणि वर पीओपीचं सीलिंग अशी दुकानं करतो आणि नदीने आपली सवय बदलावी अशी अपेक्षा ठेवतो.

बरं, शिवनदीचं काय? या नदीला आपण नदी फक्त निवेदनात म्हणतो. बोलताना 'नाला'. आणि एकदा नाला म्हटलं की सगळं माफ. सांडपाणी सोडा, चिकनच्या दुकानाच्या पिशव्या सोडा, बांधकामाचा राडारोडा काठाला लावून ठेवा, पावसात आपोआप जातो. जातो म्हणजे पुढच्या मोरीत अडकतो. जिला वरून येणारे पऱ्ये मिळतात त्या पऱ्यांची तर अवस्था आणखी वाईट. कितीतरी पऱ्ये पाइपात घातले गेले. दोन फुटी सिमेंटचा पाइप टाकायचा, वर माती, त्यावर पेव्हर ब्लॉक, झालं पार्किंग. पऱ्या आठ महिने कोरडा असतो म्हणून तो नाहीच असं आपण ठरवून टाकलं. पऱ्याला ते कुणी कळवलेलं नाही.

विचारायला जावं तर मालक सापडत नाही. कायद्याने, म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे, नदी-नाल्यांची पात्रं सरकारची, म्हणजे महसूलची. पूररेषा आखायची पाटबंधारेने. सांडपाणी आणि गटारं नगरपरिषदेची. पुलाचं पोट ज्याचा रस्ता त्याचं. खाडीकडच्या बाजूला मेरीटाइम बोर्ड. महामार्गाच्या कामाची माती खाली आली तर महामार्गवाले. पाणी मात्र एकच आहे, त्याला हद्द कळत नाही. एका कार्यालयातून दुसऱ्यात पाठवणं हे आपल्याकडे कौशल्य मानलं जातं, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत सगळे एका टेबलाला बसतात तेव्हा प्रत्येक जण आपल्या फाइलपुरतं 'काम पूर्ण' म्हणतो. त्यात पुरानंतर काही महिन्यांतच नगरपरिषदेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाच्या हातात गेली. ज्या काळात वॉर्डावॉर्डात जाब विचारायला माणूस हवा होता, तेव्हाच तो नव्हता.

"कोयनेचं बोला की मग!" बोलतो. दर वर्षी ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळवायची लवादाने दिलेली मुभा आहे. ते वीज करून आपल्या नदीत येतं. वीज राज्याची, पाणी आपल्या दारात. तेव्हा पावसाळ्यातल्या विसर्गाची माहिती भरतीच्या वेळापत्रकाशी जोडून, आगाऊ, मराठीत, प्रत्येक वाडीत पोचलीच पाहिजे. भोंगा वाजला पाहिजे, आणि रात्री वाजला पाहिजे. यात तडजोड नाही. पण कोयना आपल्याकडे सोयीची झालीय. कोयनेचं नाव घेतलं की आपल्या शहरात आपण काय केलं हे कुणी विचारत नाही. भराव टाकणारासुद्धा मोर्चात कोयनेच्या नावाने घोषणा देतो. धरणाचे दरवाजे आपल्या हातात नाहीत हे कबूल, पण डंपरला रस्ता देणं आपल्या हातात नव्हतं काय?

आणखी एक युक्तिवाद हल्ली ऐकतो. गाळ काढला, बघा, नंतर तसा पूर आला नाही. आनंद आहे. पण २००५ च्या पुरानंतर २०२१ पर्यंत सोळा वर्षं तसा पूर आला नव्हता. तेव्हा काय पोकलेनने वाचवलं होतं? मोठा पूर न येणं हा पुरावा नसतो, ती सवलत असते. अतिवृष्टी, विसर्ग आणि उधाण एकाच रात्री पुन्हा जुळतील तेव्हा कळेल कशाचा किती उपयोग झाला.

आणि गाळ काढला म्हणजे किती, तो गेला कुठे? मुंबईत मिठी नदीचं उदाहरण ताजं आहे. २००५ च्या प्रलयानंतर खास प्राधिकरण नेमलं, वर्षानुवर्षं गाळ काढण्यावर पैसा गेला आणि मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने सुमारे ६५ कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. आरोपांमध्ये एक असा की गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट होते. आरोप कोर्टात ठरतील. आपल्याकडे असंच झालं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा कागद नाही. माझं म्हणणं एवढंच की गाळ ही अशी वस्तू आहे की पाऊस पडला की पुरावा वाहून जातो. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पात्राचे आडवे छेद घेतले पाहिजेत आणि ते लोकांना दिसले पाहिजेत. डंपरच्या फेऱ्या मोजून समजत नाही. फेरी कागदावरही होते.

त्याहून मोठा प्रश्न गाळ टाकायच्या जागेचा. नदीतून काढलेला गाळ जर निळ्या रेषेच्या आतल्याच सखल जमिनीत भरावाला गेला, तर आपण काय केलं? एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात, आणि मधल्या मध्ये डिझेलचं बिल. उलट तोटाच, कारण पात्रात पुन्हा गाळ येणार आहे आणि भरलेला मळा मात्र कायमचा गेला.

पुन्हा येणार म्हणजे येणारच. वर डोंगर तसेच उघडे पडतायत. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतेक खासगी मालकीचं, तोड चालूच असते. चौपदरीकरणाने परशुराम घाटात काय केलं ते रोज बघतोय. तो विषय स्वतंत्र आहे, पुन्हा कधीतरी.

ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने राज्यातल्या पूरग्रस्त भागांसाठी ११,५०० कोटी जाहीर केले, त्यातले ७,००० कोटी दीर्घकालीन उपायांसाठी. दुकानदाराला मिळणार होते जास्तीत जास्त ५० हजार, कुटुंबाला १० हजार. ५० हजारांत दुकानाचं शटर आणि फर्निचर होत नाही हे मार्केटमधल्या कुणालाही विचारा. म्हणजे पुढच्या वेळीही भरपाई अशीच मिळणार, हे गृहीत धरून बोला. रेषा रद्द करून घेतलीत तर उद्या भरपाईच्या रांगेत उभं असताना तोच साहेब विचारेल, इथे बांधायला कुणी सांगितलं होतं?

तेव्हा या वर्षी पोकलेनबरोबर फोटो काढायच्या आधी तीन साध्या गोष्टी विचारू या. आडवे छेद दाखवा. गाळ कुठल्या सर्व्हे नंबरमध्ये टाकताय ते काम सुरू होण्याआधी फलकावर लिहा. आणि २२ जुलै २०२१ नंतर निळ्या रेषेच्या आत झालेल्या भरावांची यादी जाहीर करा. ही यादी करायला समिती नको, अहवाल नको. गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रह छायाचित्रं फुकट दिसतात. तेव्हाचं आणि आत्ताचं शेजारी ठेवलं की हिरवं कुठे तांबडं झालंय ते शाळकरी मुलगाही दाखवेल.

तुमच्या वाडीत असा भराव झाला असेल तर जागा आणि साधारण महिना मला मेसेज करा. नाव देऊ नका, शेजाऱ्याशी भांडण लावायचं नाहीये. माहिती अधिकाराचे अर्ज मी टाकतो, एकाच नमुन्यात, महसूल, पाटबंधारे आणि नगरपरिषद तिघांकडे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प माझे. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. काय उत्तर येतं, किंवा येत नाही, ते इथेच टाकेन.